अ‍ॅसिंटच्या तळ्यांवर माशीचा गळ: पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत

गाईडला पाचपैकी पाच. त्यानं स्वतः बांधलेल्या माश्यांना, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्यांना, पाच. ऑनलाइन मागवलेल्या माश्यांच्या डबीला दीड. भाड्याच्या वेडरला, म्हणजे छातीपर्यंतच्या रबरी विजारीला, शून्य. एवढंच पाहिजे असेल त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. ज्यांची पोरं, सुना, जावई तिकडे यूकेत आहेत, जे उन्हाळ्यात नातवंडं सांभाळायला म्हणून जातात आणि तिसऱ्या आठवड्यात खिडकीतून बाहेर बघत बसतात, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

मी बेळगावचा, म्हणजे खरं शहापूरचा. धंदा सोनारकामाचा. दुकान आता मुलगा बघतो, मी डोळ्याला भिंग लावून दुरुस्तीचं तेवढं करतो. गळाचं वेड लहानपणापासून, पण आपल्या पद्धतीचं: खानापूरकडे मलप्रभेचा डोह, नाहीतर मार्कंडेयचा काठ, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि मग बूड हलवायचं नाही. जावई स्कॉटलंडात इन्व्हरनेसला नोकरीला. त्याला माझं हे वेड माहीत, म्हणून त्यानं सुट्टी काढून आम्हाला वायव्येच्या टोकाला, अ‍ॅसिंट म्हणून भाग आहे तिथं, लॉखिन्व्हर गावाजवळ एका भाड्याच्या घरात नेलं. इन्व्हरनेसहून गाडीनं दोनेक तास, शेवटचा रस्ता एका गाडीपुरताच, समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात वर करायचा. पाट्या दोन भाषांत, गेलिक आणि इंग्रजी. आम्हा बेळगावकरांची नजर कुठंही गेलं तरी आधी पाटीकडेच जाते, त्यामुळं हे लगेच दिसलं. कोणी कशावर डांबर फासलेलं मात्र दिसलं नाही.

आधी ह्या माशीच्या गळाचं तत्त्व सांगतो, नाहीतर पैसे कशाचे देतो हेच कळत नाही. आपल्या गळाला शिसं असतं. शिसं फेकायचं, दोरा त्याच्या मागनं जातो. इथं उलटं. माशी म्हणजे बारीक गळावर रेशमानं बांधलेली लोकर, पीस आणि तार. १२ नंबरच्या गळावरची एक माशी मी घरी आल्यावर काट्यावर टाकली, गुंजभरही भरली नाही. असली वस्तू फेकून वाऱ्यात कुठं जाणार? म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. दोरी जाडसर, वरून प्लॅस्टिकचा थर, टोकाकडे निमुळती. दोऱ्यांना नंबर असतात आणि नंबर ठरतो पहिल्या ३० फुटांच्या वजनावर. आम्हाला दिलेली सहा नंबरची. तिचे पहिले ३० फूट म्हणजे १६० ग्रेन.

गाईडनं ग्रेन म्हटलं आणि माझे कान टवकारले. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा ठरवून दिला तो १८० ग्रेनचा. म्हणजे २० ग्रेन कमी एक तोळा, ३० फुटांवर पसरलेला. एवढ्या वजनानं १० फुटांची काठी वाकवायची आणि तिच्या उसळीवर ती गुंजेची माशी तीस-चाळीस फुटांवर अलगद उतरवायची. गाईड मला ग्रॅममध्ये समजावून सांगायला लागला होता, मी म्हटलं राहू दे, ग्रेनच बरं. त्यानंतर आमचं दोघांचं जमलं.

फेकीची सगळी गोम थांबण्यात आहे. काठी मागं न्यायची ती घड्याळाच्या एकच्या काट्यापर्यंत, मग थांबायचं. मागं दोरी पूर्ण उलगडली की पुढं, दहाच्या काट्यापर्यंत, आणि पुन्हा थांबायचं. माणूस घाई करतो ती मागच्या थांब्याला, कारण मागं काय चाललंय ते दिसत नाही. गाईड माझ्या पाठीमागं उभा राहून नुसतं "आता" म्हणायचा. तासाभरात माझं मनगट त्याच्या "आता"ची वाट बघायचं सोडून आपापलं चालायला लागलं. हे पुस्तक वाचून किंवा फोनवर व्हिडिओ बघून येणारं काम नाही, आणि गाईडच्या पैशातला पहिला अर्धा भाग इथंच वसूल झाला. गाईडचा दिवस स्वस्त नाही, दोनशे पौंडांच्या वर जातो. त्यात काठी, चक्री, दोरी, लीडर (दोरीच्या टोकाला माश्या बांधायचा बारीक दोरा), माश्या आणि दुपारची शिदोरी धरलेली होती. दोघांत वाटला तर जड जात नाही.

परवाना वेगळा. त्याची व्यवस्था मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्कॉटलंडात ट्राउट, म्हणजे तिथला थंड पाण्यातला ठिपक्यांचा मासा, धरायला सरकारी लायसन लागत नाही. ज्याचं पाणी त्याची परवानगी लागते. इंग्लंडच्या सरहद्दीवरची एक एस्क नदी तेवढी अपवाद, तिथं इंग्लंडचं लायसन लागतं. सरहद्दीवरच्या नदीला नियम वेगळा, हे आम्हाला कोणी नव्यानं सांगायला नको. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं तिथं कुणालाही कुठल्याही माळावरून, डोंगरावरून नीट वागून चालत जायचा हक्क आहे, मालकाला विचारावं लागत नाही. पण गळ टाकणं त्या हक्कात बसत नाही. चाला फुकट, मासा धरायचा तर परवाना.

आणि लॉखिन्व्हरच्या उत्तरेकडच्या जमिनीचा परवाना म्हणजे पैसे जातात अ‍ॅसिंट क्रॉफ्टर्स ट्रस्टला. क्रॉफ्टर म्हणजे लहान तुकडा कसणारी, मेंढरं राखणारी कुळं. पिढ्यान्‌पिढ्या मालक दुसरेच. शेवटची मालक एक स्वीडिश कंपनी, ती १९९२ साली बुडाली आणि जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकायला निघाली. तेव्हा ह्या कुळांनी वर्गणी, कर्ज, अनुदान असं सगळं गोळा करून १९९३ च्या फेब्रुवारीत जवळपास २१,००० एकर ३ लाख पौंडांना स्वतःच घेऊन टाकली. १३ वाड्यांची जमीन, तळ्यांसकट. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं, १९७४ च्या कुळकायद्यात आजोबांच्या नावावर जमीन झालेली. आमच्याकडे कायद्यानं झालं, तिथं लोकांनी चेक फाडला. दोन्हींत कष्ट आहेतच. पण परवान्याचे पैसे देताना, हे कुण्या लाटसाहेबाच्या खिशात जात नाहीत, हे कळल्यावर हात आखडत नाही. आणि रक्कम म्हणाल तर परवाना गाईडच्या पुढे किरकोळ आहे.

आता तळी. अख्ख्या स्कॉटलंडात गोड्या पाण्याची लहानमोठी तळी तीस हजारांच्या वर आहेत, आणि त्यातली बरीचशी ह्या वायव्य कोपऱ्यात सांडल्यागत पडलेली. डोंगर एकेकटे, सपाटीतून एकदम उठलेले. सुल्व्हन नावाचा ७३१ मीटरचा एक आहे, उंची आपल्या सह्याद्रीच्या हिशेबानं काहीच नाही, पण त्याच्यावरून नजर हलत नाही. खालचा दगड ल्युइसियन नाइस, जगातल्या फार जुन्या दगडांपैकी, ३०० कोटी वर्षांपर्यंतचा. हा दगड पाण्याला काही देत नाही. वर पीटचा, म्हणजे कुजक्या झाडोऱ्याच्या काळ्या मातीचा थर, त्यामुळं पाणी तपकिरी आणि आंबट. किडामुंगी कमी, थंडी जास्त, म्हणून मासा हळू वाढतो.

ज्यांना मोठ्या माशाचा फोटो पाहिजे त्यांनी हे आधी ऐकावं, म्हणून सांगतोय. इथला जंगली ब्राउन ट्राउट बहुतेक तळ्यांत पाव पौंड ते अर्धा पौंड. तीन मिळून एक पौंड भरले तर चांगला मासा म्हणतात. जावयानं मला लागलेला पहिला बघून विचारलं, "काय वो मामा, एवढ्यासाठी एवढं चाललो?" त्याच्या प्रश्नाला गाईडनं जे उत्तर दिलं ते मला पटलं. तळ्यात येऊन मिळणारे ओढे खडीचे आणि चांगले असले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरपूर अंडी पडतात, पिल्लं भरपूर होतात, खाणारी तोंडं जास्त आणि ताटात कमी. सगळे लहान राहतात. ज्या तळ्याला असा ओढा नाही, तिथं मासे थोडे पण अंगानं भरलेले. म्हणजे जिथं दिवसभर एकही मासा उठलेला दिसत नाही, तिथंच मोठा असण्याची शक्यता. उत्तरेला डर्नेसजवळ चुनखडीवरची काही तळी आहेत, तिथं पाणी काचेगत स्वच्छ, खाणं भरपूर, मासा जाड, पण तो शहाणाही तेवढाच. आणि खोल मोठ्या तळ्यांत फेरॉक्स म्हणतात ते ट्राउट, दुसरे मासे खाऊन वाढणारे. गळावर धरलेल्या ब्राउन ट्राउटचा ब्रिटनमधला विक्रम ३१ पौंड १२ औंसांचा, २००२ साली लॉख ऑ नावाच्या तळ्यातला, तोही फेरॉक्सच. जात एकच, आमचा पाव पौंडाचा आणि तो.

पण तो पाव पौंडाचा हातात घेऊन बघा. पोटाला पिवळा रंग असा, की मी अर्धं आयुष्य गिऱ्हाइकांना हा रंग बावीस कॅरेटमध्ये दाखवायचा प्रयत्न केला. पाठ काळपट हिरवी, अंगावर काळे ठिपके, मध्ये मध्ये लाल, आणि लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. दुसऱ्या तळ्यावर गेलो तर ठिपके वेगळे, रंग वेगळा. ही तळी एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळं प्रत्येकातला मासा आपापल्या पाण्याचा होऊन बसलाय. माझ्यासारख्याला वजनापेक्षा हे बघणं महाग वाटतं. तुम्हाला वजनच पाहिजे असेल तर हिडकलच्या धरणातला कटला बघा, उगाच विमानाचं तिकीट काढू नका.

तळ्याचं नाव देत नाही. गाईडनं तसं सांगितलं नव्हतं, पण गळवाल्यांत जी रीत आहे ती आहे.

चालणं तासाभराचं, रस्ता नाही. हेदरची झुडपं गुडघ्यापर्यंत, मध्ये मध्ये दलदल, वरनं हिरवी दिसते आणि पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. पावसाचं म्हणाल तर शहापुरात जुलैत जो चिरचिर पाऊस असतो तोच, फक्त अंगाला जास्त गार. आपल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते मिजचं. डासापेक्षा कितीतरी बारीक कीड, वारा पडला की ढगानं येते, कान, केसांची मुळं, भुवया, कुठंही. वारा असला की नसते. म्हणून तिथं लोक वाऱ्याला शिव्या घालत नाहीत. जाळीची टोपी घ्या, दोन-चार पौंडांत मिळते, ह्या सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

आता वेडर. ही आम्ही वाटेतल्या एका दुकानातून भाड्यानं घेतली. दुकानदारानं "त्याशिवाय जाऊच नका" म्हणून सांगितलं होतं. एकाच्या गुडघ्याला पंक्चर, दुसऱ्याच्या टाचेला जोड सुटलेला, आणि दोन्हींवर आधी कोणीतरी चिकटपट्टी मारलेली. परत देताना दाखवलं तर म्हणे असं चालायचंच. पण खरी गंमत पुढं. गाईडनं वेडर बघून मान हलवली आणि गाडीतच ठेवायला लावल्या. ह्या तळ्यांत ट्राउट काठालगत चरतो, गुडघाभर पाण्यात, कारण ऊन आणि किडे तिथंच. तुम्ही पाण्यात उतरलात म्हणजे मासा जिथं आहे तिथंच पाय दिलात. काठापासून दोन पावलं मागं उभं राहायचं, पहिली फेक कडेकडेनं, मग जरा तिरकी, मग आत, आणि दोन पावलं पुढं सरकायचं. चांगले गमबूट पुरतात. वेडरला शून्य गुण हे केवळ भोकांसाठी नाहीत.

बूड न हलवता बसणाऱ्या माणसाला ही चालत-चालत गळ टाकायची पद्धत सुरुवातीला जड जाते. आपल्याकडे मासा आपल्याकडे येतो, इथं आपण माशाकडे जायचं. पाच-सहा फेकींत काही नाही झालं की जागा सोडायची, कुरकुर नाही.

आता माश्या. इथं मी जरा रेंगाळणार, माझा प्रांत आहे.

एका लीडरवर तीन माश्या. टोकाला एक, मध्ये एक, आणि वरची तिसरी, तिला बॉब म्हणतात. काठी हळूहळू उचलत आणली की ही वरची पाण्याच्या पृष्ठावर नाचत, रेघ काढत येते, आणि ट्राउट बहुतेकदा ती रेघ बघून उठतो. मग तिलाच घेईल असं नाही, वळून मधली घेतो. गाईडनं वर लावली केट मॅक्लारेन. काळं अंग, चांदीची बारीक पट्टी, शेपटीला गोल्डन फेझंटच्या तुऱ्याचं पिवळं पीस, अंगभर काळं पीस गुंडाळलेलं आणि मानेशी तपकिरी. मध्ये बिबियो, ही मूळची आयर्लंडची, काळ्या अंगाच्या मध्यावर लाल पट्टा. ऑगस्टमध्ये हेदरवरनं उडून पाण्यात पडणारी एक काळी माशी असते, लाल पायांची, तिच्यावरनं. टोकाला ब्लॅक पेनेल, सडपातळ, काळी, अंगावर चांदीचे वेढे. तिन्ही काळ्या. मी विचारलं एवढ्या रंगांच्या असताना काळ्याच का, तर म्हणाला खालून वर आकाशाकडे बघणाऱ्याला आकारच दिसतो, आणि काळ्याचा आकार सगळ्यात स्वच्छ. मग मी रंगाची चौकशी सोडून दिली.

ह्या माश्या त्यानं स्वतः हिवाळ्यात बांधलेल्या. दुपारी शिदोरी खाताना मी खिशातलं भिंग काढून त्या बघितल्या. (भिंग माझ्या खिशात असतंच, जावई लाजतो.) अंगभर पीस गुंडाळलेलं असतं त्याला पामर म्हणतात. पीस डोक्याकडनं शेपटीकडे गुंडाळत न्यायचं, आणि शेपटीशी आधीच बांधून ठेवलेली चांदीची तार उलट्या दिशेनं, प्रत्येक वेढ्यावर एकदा आडवी जाईल अशी पुढं आणायची. पिसाचा देठ तारेखाली अडकतो. ट्राउटला दात असतात, बारीक पण धारदार, आणि पिसाचा देठ एका जागी तुटला तरी तार बाकीचं धरून ठेवते. वेढ्यांतलं अंतर सारखं, तार कुठं देठाच्या कडेनं घसरलेली नाही, डोक्यावरची गाठ लहान, वार्निशचे दोन हात, गळाचं भोक मोकळं. माझ्या हाताखाली असा पोरगा असता तर मी दुकान वाढवलं असतं.

त्याच्या शेजारी जावयानं ऑनलाइन मागवलेली डबी ठेवली. दोन डझन, पारदर्शक डबी, वरनं दिसायला फार सुंदर. त्यात ग्रीनवेल्स ग्लोरी होती, १८५४ सालापासून चालत आलेली, कॅनन ग्रीनवेल नावाच्या डरहॅमच्या धर्मगुरूसाठी जेम्स राइट यांनी ट्वीड नदीच्या काठी बांधलेली. पीटर रॉस होती, किलिनच्या दुकानदाराच्या नावाची. ऑर्कनीची की-ही होती, मोरपिसाच्या तुसांच्या अंगाची. नावं सगळी घरंदाज, काम कसं ते भिंगाखाली दिसलं. पामर माश्यांना उलटी तारच नाही, पीस नुसतं गुंडाळून डोक्याशी गाठ. वार्निश नाही. की-हीच्या मोरतुसांवर तारेचा पत्ता नाही, एका माशातच अंग उसवलं. गळाची तार मऊ, चिमट्यात धरून दाबली तर सरळ झाली आणि परत आली नाही. लाल लोकरीचा रंग ओल्या बोटाला लागला. एका माशीच्या भोकात वार्निशऐवजी गोंदाचा गोळा, दोराच जाईना. तरीही दीड गुण देतोय तो ब्लॅक पेनेलला, तिला गुंडाळायचं पीसच थोडं, त्यामुळं बिघडायला जागा कमी. तिनं मासे दिले.

गावातल्या चांगल्या दुकानात नाहीतर गाईडकडून घेतली तर एक माशी दीड-दोन पौंडांना पडते. डबीतली हिशेबानं तिच्या पाव किमतीत. पण डबीतल्या पाचातली एक टिकते. आमच्या धंद्यात बिगरकसाचं कोणी हातात घेत नाही आणि माशीच्या बाबतीत मात्र माणूस डझनावारी भुलतो. सहा चांगल्या घ्या: दोन केट मॅक्लारेन, दोन बिबियो, दोन ब्लॅक पेनेल, १२ नंबरच्या. वर एखादी झुलू, लाल शेपटीची काळी. बस्स.

गळाच्या टोकाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करायला गाईड लावतो. मासा सोडताना त्याच्या तोंडाला इजा होत नाही, आणि तुमच्या कानात घुसला तर तोही सहज निघतो. मासा सोडताना हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणखी एक, दिवस सुरू करायच्या आधी त्यानं आम्हाला विचारलं की तुमचं कुठलं सामान दुसऱ्या देशाच्या पाण्यात वापरलेलं आहे का. रोग पसरू नये म्हणून सामान धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालायचं नाही. नॉर्वेच्या नद्यांत एका परजीवीनं सॅमनची वाट लावली, त्याची ह्या लोकांना धास्ती. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, प्रश्न मिटला.

दोन मासे ठेवायला गाईडनं हरकत घेतली नाही. ज्या तळ्यात तोंडं जास्त तिथं दोन कमी झाली तर बाकीच्यांचं भलंच, असं त्याचं मत. तिकडे ओटच्या भरडीत घोळवून लोण्यात तळतात. आमच्या मंडळीनं लोणी बाजूला ठेवलं, सामानातनं रवा, ब्याडगीचं तिखट, हळद आणि आमसुलं काढली. मांस पांढरं, घट्ट, गोडसर. काटे बारीक पण ओळीत. चुनखडीच्या पाण्यातला, कोळंबीसारखे जीव खाणारा ट्राउट असेल तर मांस गुलाबी निघतं म्हणतात. जावयानं फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला, त्यावर माझ्या एका जुन्या गळवाल्या दोस्ताचा व्हॉइस मेसेज आला, "काय गा, बांगडाच भाजून खायचा होता तर गोव्याला का नाही गेल्तास?"

वाराचं लक्षात ठेवा. रविवारी सॅमनला गळ टाकायला कायद्यानंच बंदी आहे. ट्राउटला कायदा आडवा येत नाही, पण त्या भागात जुन्या वळणाचे लोक रविवार पाळतात आणि पाहुण्यानंही पाळावा अशी अपेक्षा असते. आमच्या घरात सोमवारी मासा बंद, तिथं रविवारी गळ बंद, म्हणजे सलग दोन दिवस माझा उपास. गाईड ठरवताना वार बघून ठरवा.

महिना कुठला? ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. मार्च-एप्रिल आपल्याला सोसणार नाही. जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड, नातवंडं झोपवून सुद्धा काठावर जाता येतं, पण संध्याकाळी वारा पडला की मिज. ऑगस्टचा शेवट, सप्टेंबर, हे मला स्वतःला जास्त बरं वाटतं, हेदर जांभळं असतं आणि बिबियो चालते.

काठीबद्दल विचारतील म्हणून. गाईडकडच्यावर हात बसल्यावर मी चार तुकड्यांची १० फुटी, सहा नंबरची काठी घेतली, बॅगेत आडवी बसते. कार्बनची काठी मध्यम किमतीची पुरते. महाग काठी आणि स्वस्त काठी ह्यात फरक असतो, पण तो फरक कळण्याइतका हात आधी लागतो. दोरीवर मात्र कंजुषी करू नका, फेक दोरी करते. सगळ्यात महाग चक्री घेऊ नका, पाव पौंडाच्या माशाला चक्रीचा काही उपयोग नसतो, दोरी हातानंच ओढतो आपण.

जांबोटीजवळ एका नातलगाचं शेततळं आहे. तिथं चिलापी आहेत, ब्लॅक पेनेलला येतात, पण संध्याकाळी आणि वारा असला तरच. बिबियोकडे ढुंकून बघत नाहीत. धरणात आणि नदीत टाकायचं तर मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून टाका, आपल्याकडेही पाणी कुणाचं तरी असतंच. माश्या मी आता स्वतः बांधायला बसलोय, चिमटे आणि तार दुकानात आहेतच, कोंबड्याचं मानेचं पीस खडेबाजारात चौकशी करून मिळवलं. खानापूरच्या रानात गळून पडलेली मोरपिसं गाईडला पाठवायचा विचार होता, पण मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे, मुलीनं फोनवरच दम दिला. त्याला त्याऐवजी ०.१ मिलिमीटरची शुद्ध चांदीची तार पाठवली, रीतसर पावती लावून. त्याचं उत्तर आलंय, तार त्याच्या हिशेबानं जरा मऊ पडते. तांब्याचा थोडा मेळ घालून पुन्हा ओढून बघतो.